बैलगाडीचें वंगण आणि मोटारीचें तेल

पौडच्या पलीकडे, मुळशीच्या वाटेवर, आमचें जुनें घर आहे. माझ्या लहानपणीं त्या घरीं एक बैलगाडी होती. गाडीच्या आखाजवळ बांबूचें एक नळकांडें टांगलेलें असे व त्यांत वंगण भरलेलें असे. हें वंगण माझे वडील स्वतः तयार करीत. एरंडेलांत चुलीवरची काजळी खलावयाची, खलतां खलतां एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून बोटें हलकेच दूर करावयाचीं, आणि मध्यें तार सुटली कीं "झालें" म्हणावयाचें. तार जितकी लांब तितकें वंगण उत्तम, हा त्यांचा ठोकताळा. आंबेमोहराचीं पोतीं घेऊन गाडी पुण्यास निघण्यापूर्वीं चाकाच्या तुंब्यांत वंगण घालण्याचें काम माझ्याकडे असे. त्यांत कसूर झाली तर पिरंगुटच्या घाटांत चाक कुरकुरूं लागे, आणि मग वडिलांचा राग बैलांकडे न वळतां माझ्याकडे वळे.

ही गोष्ट पंचावन्न वर्षांपूर्वींची. गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यानें नवी मोटार घेतली. इंजिनांतील तेल बदलण्याची वेळ आली तेव्हां तो पुण्यास तेलाच्या दुकानीं निघाला, आणि या विषयांत आपल्यालाहि कांहीं समजतें अशा समजुतीनें मीहि त्याच्याबरोबर गेलों. दुकानदारानें एक डबा पुढें केला. त्यांतील तेलाचा एक थेंब मीं बोटांत धरला. तार म्हणून सुटेना! "अरे, हें तेल आहे कीं पाणी? हें इंजिनांत घालणार?" असें मीं विचारलें. पुतण्या म्हणाला, "काका, गाडीच्या पुस्तकांत हेंच लिहिलें आहे." मीं त्याचें कांहीं ऐकलें नाहीं. वडीलकीच्या जोरावर त्याला एक चांगल्या दाट तेलाचा डबा घ्यावयास लावला. त्या डब्याचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. परंतु घरीं आल्यावर मनाला चुटपुट लागली. मुलगा शिकलेला, पुस्तक इंजिन बनविणाराचें, आणि माझ्याजवळ पुरावा काय, तर वडिलांचीं दोन बोटें! तेव्हां या वंगणाचा इतिहास एकदां मुळापासून पाहावा असें ठरविलें. जें हातीं लागलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

वंगणाला चाकच लागतें असें नाहीं. मिसर देशांत जेहुतीहोतेप नांवाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यांत ख्रिस्तपूर्व १९ व्या शतकांतील एक चित्र आहे. त्यांत एका प्रचंड पुतळ्याची घसरगाडी १७२ माणसें दोरांनीं ओढीत आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशीं उभा असलेला एक मनुष्य भांड्यांतून घसरगाडीच्या पुढें कांहीं ओतीत आहे. तें पाणी असावें, कारण योग्य प्रमाणांत भिजलेल्या वाळूवरून ओझें ओढणें पुष्कळच सोपें होतें, असें अलीकडील संशोधकांनीं प्रयोगानें दाखविलें आहे. म्हणजे वंगण दाटच असलें पाहिजे, ही समजूत चार हजार वर्षांपूर्वींच्या त्या मिसरी मजुराचीहि नव्हती.

पण वंगण नेमकें करतें काय, याचा उलगडा मात्र अवघा सवाशें-दीडशें वर्षांपूर्वींचा आहे. १८८३ च्या सुमारास टॉवर नांवाचा एक इंग्रज अभियंता आगगाडीच्या आखावर प्रयोग करीत होता. आख खालून तेलांत बुडालेला, वरून त्यावर बेअरिंगचा भार, आणि तेल घालण्याकरितां त्या बेअरिंगला वरच्या बाजूस एक भोंक पाडलेलें. आख फिरूं लागला आणि आश्चर्य असें कीं, भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं बाहेर येऊं लागलें. टॉवरनें भोंकाला बूच लावलें, बूच उडालें. मग लांकडाची खुंटी ठोकली. तीहि बाहेर फेंकली गेली. तेव्हां ध्यानांत आलें कीं, फिरणारा आख आपल्याबरोबर तेलाला अरुंद फटींत ओढून नेतो, तेथें तेलाचा दाब वाढतो, आणि त्या दाबावर वरचा सारा भार उचलला जातो. लोखंड लोखंडाला स्पर्शहि करीत नाहीं. मध्यें केंसाहूनहि बारीक असा तेलाचा पापुद्रा तरंगत राहतो. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनल्ड्स यानें या पापुद्र्याचें गणित मांडलें, आणि तेंच गणित आजहि इंजिनें बनविणारे वापरतात.

या गणिताचा मथितार्थ माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरालाहि समजण्याजोगा आहे. पापुद्रा टिकण्याला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : फिरण्याचा वेग, वरचा भार आणि तेलाचा दाटपणा, ज्याला शास्त्रांत श्यानता म्हणतात. आतां बैलगाडीचें चाक मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतें. इतक्या मंद गतींत पातळ तेलाचा पापुद्रा तयारच होत नाहीं. म्हणून तेथें काजळी घातलेलें, आखाला चिकटून बसणारें वंगण हवें. वडिलांचा ठोकताळा त्यांच्या गाडीपुरता अगदीं खरा होता! मोटारीच्या इंजिनाचा दांडा मात्र मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. तेथें फटी इतक्या बारीक कीं, दाट तेल त्यांत वेळेवर शिरतच नाहीं. शिरलें तरी तें स्वतःच्याच दाटपणामुळें तापतें आणि इंजिनाची थोडी शक्ति खाऊन टाकतें. आणि फार पातळ असेल तर पापुद्रा तुटतो आणि लोखंड लोखंडाला लागतें. म्हणजे तेल दाट कीं पातळ हा प्रश्नच अपुरा. कोणत्या फटीला व किती उष्णतेंत, हें विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाहीं.

टॉवरचे प्रयोग चालले होते तेव्हां तेलाची जातहि पालटत होती. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरांत पूर्वीं जनावरांची चरबी घालीत. वाफ फार तापली कीं ती चरबी कुजून तिचें अम्ल बनावें आणि त्या अम्लानें लोखंड खावें, असा प्रकार होई. शिवाय तेल घालण्यासाठीं गाडी वारंवार थांबवावी लागे. या थांबण्यावर तोड काढणारा एलायजा मॅकॉय हा अमेरिकेंतील गुलामगिरींतून पळून कानडांत गेलेल्या आईबापांचा मुलगा. एडिंबरोस जाऊन तो अभियांत्रिकी शिकून आला. पण अमेरिकेंतील रेल्वेंत त्याला काम मिळालें तें कोळसा टाकण्याचें आणि तेल घालण्याचें! तें करतां करतां त्यानें चालत्या इंजिनाला आपोआप तेल पुरविणारें उपकरण तयार केलें व १८७२ सालीं त्याचा हक्क नोंदविला. शाळेंत आगगाडीचा धडा शिकवितांना स्टीफन्सन आणि वॅट यांचीं नांवें मीं वर्षानुवर्षें सांगितलीं. मॅकॉयचें नांव मात्र मला निवृत्तीनंतर कळलें.

चरबीची जागा घेतली ती दगडाच्या तेलानें. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांत १८५९ सालीं ड्रेक यानें विहीर खणून जमिनींतून तेल काढलें. दगडांतलें तेल म्हणून इंग्रजींत तें 'रॉक ऑइल', आणि त्याचेंच आपल्या बायाबापड्यांनीं 'राकेल' केलें. या तेलाचा उजेडाचा भाग कंदिलांत जळे. उरलेला जड भाग टाकाऊ समजला जात होता. १८६६ सालीं डॉ. जॉन एलिस यानें या जड भागापासून वाफेच्या इंजिनांत न कुजणारें वंगण बनविण्याचा धंदा सुरू केला. त्याच सालीं रॉचेस्टर शहरीं व्हॅक्यूम ऑइल कंपनी निघाली. एकाचें पुढें 'व्हाल्व्होलीन' झालें व दुसरीच्या तेलाचें नांव 'मोबिलऑइल'. आमच्याकडील जुने ड्रायव्हर कोणत्याहि कंपनीच्या तेलाला सरसकट 'मोबीलऑइल' म्हणत, तें त्यावरूनच.

येथें आमच्या एरंडेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १८९९ सालीं चार्ल्स वेकफील्ड यांनीं लंडनमध्यें वंगणाचा व्यापार सुरू केला. मोटारी व विमानें आल्यावर त्यांनीं खनिज तेलांत एरंडेल मिसळून एक नवें तेल काढलें आणि १९०९ सालीं एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरून त्याचें नांव 'कॅस्ट्रॉल' ठेविलें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं इंजिनें तर निव्वळ एरंडेलावरच चालत, कारण पेट्रोल त्यांत सहजीं मिसळत नाहीं व भर उष्णतेंतहि त्याचा पापुद्रा टिकून राहतो. हीं इंजिनें स्वतःच गरगर फिरत आणि वापरलेलें एरंडेल वाऱ्यावर फेंकीत. तें वैमानिकांच्या नाकातोंडांत जाई आणि मग त्यांच्या पोटाची काय अवस्था होई, हें ज्या मुलांना आईनें रविवारीं सकाळीं नाक दाबून एरंडेल पाजलें आहे त्यांना वेगळें सांगावयास नको. एरंडेलाचा दोष एवढाच कीं, कांहीं काळानें तें राळेसारखें चिकट होऊन इंजिनांत थर धरतें. म्हणून पुढें मोटारींतून तें गेलें. एरंडीच्या उत्पन्नांत मात्र आजहि हिंदुस्थान जगांत पहिला आहे.

मोटारी वाढल्या, तसा तेलाचा प्रश्न घरोघरचा झाला. प्रत्येक कंपनी आपल्या तेलाला 'हलकें', 'मध्यम', 'भारी' अशीं नांवें देई. एकाचें मध्यम तें दुसऱ्याचें भारी! हा गोंधळ मिटविण्यासाठीं अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें, म्हणजे एस्. ए. ई. नें, १९११ सालीं दाटपणावरून तेलांना क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली. आज डब्यावर ३०, ४०, ५० असे जे आंकडे दिसतात त्यांचें मूळ तेथें आहे. हे आंकडे म्हणजे गुण नव्हेत. पन्नास क्रमांकाचें तेल तीस क्रमांकापेक्षां वरच्या वर्गाचें, असें पुष्कळांस वाटतें. मलाहि वाटत होतें. आंकडा फक्त इतकेंच सांगतो कीं, इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंशांवर, हें तेल किती दाट राहील.

आणि 'तापल्यावर' या शब्दांतच सारी ग्यानबाची मेख आहे. दोन तेलें थंडपणीं अगदीं सारखीं दाट दिसतात. पण तापविलीं कीं एक पाण्यासारखें होतें आणि दुसरें बेताचेंच पातळ होतें. १९२९ सालीं डीन व डेव्हिस या दोघां शास्त्रज्ञांनीं हा फरक मोजण्याची रीत बसविली. पेन्सिल्व्हेनियाचें तेल उष्णतेंत कमी पातळ होई, म्हणून त्याला त्यांनीं शंभर गुण दिले. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याचें तेल फार पातळ होई, त्याला शून्य. बोटांच्या परीक्षेंत हीं दोन्ही तेलें एकाच वर्गांत उत्तीर्ण झालीं असतीं.

थंड देशांत उलट अडचण. बर्फांत उभ्या राहिलेल्या मोटारीचें तेल सकाळीं डिंकासारखें होई आणि इंजिन फिरेना. म्हणून हिंवाळ्याच्या तेलासाठीं क्रमांकापुढें डब्ल्यू हें अक्षर आलें, आणि पुढें १९५० च्या दशकांत दोन्ही गुण एकत्र असलेलीं तेलें निघालीं. त्यांत लांब साखळ्यांचे रेणू मिसळतात. थंडींत ते आंखडून बसतात व उष्णतेंत पसरून तेलाला फार पातळ होऊं देत नाहींत. '५ डब्ल्यू-३०' याचा अर्थ हा : थंडपणीं त्याचें वागणें पांचाच्या हलक्या तेलाप्रमाणें, तापल्यावर तिसाप्रमाणें. पांच डब्ल्यूच्या तेलाची परीक्षा शून्याखालीं तीस अंशांवर घेतात. पुण्यांत १९३५ च्या जानेवारींत पारा दोन अंशांच्या खालीं उतरला होता, तो एवढ्या वर्षांतला विक्रम. मग आपल्याला त्या पांचाचा किंवा शून्याचा उपयोग काय, अशी शंका कोणी घेईल. उपयोग आहे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनांतील तेल खालीं उतरलेलें असतें, आणि सकाळीं चावी फिरविल्यावर तें वरच्या भागांत पोंचेपर्यंत जे कांहीं क्षण जातात त्यांतच इंजिनाची झीज पुष्कळ होते. हलकें तेल तेथें लवकर पोंचतें, मग ती पहांट पौडची असो कीं मॉस्कोची.

दाटपणानंतरची गोष्ट तेलांत मिसळलेल्या औषधांची. १९३० च्या दशकांत मोठ्या डिझेल इंजिनांच्या पिस्टनवरील कड्या काजळीनें चिकटून बसूं लागल्या, तेव्हां तेलांत एक प्रकारचा साबण मिसळण्याची युक्ति निघाली. हा साबण काजळीला धुवून काढतो आणि तेलांतच तरंगत ठेवतो. म्हणून चांगलें तेल काळें होतें. "हजार मैलांतच काळें पडलें, भेसळ असावी" असें म्हणणारे गृहस्थ आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं काळें न पडणाऱ्या तेलाची काळजी करावी! अमेरिकेंतील पेट्रोलियम संस्थेनें, म्हणजे ए. पी. आय. नें, १९४७ पासून या गुणांवरून तेलांचे वर्ग पाडले. आजच्या पद्धतींत पेट्रोलच्या इंजिनासाठीं पहिलें अक्षर एस्. व डिझेलसाठीं सी., आणि दुसरें अक्षर जितकें पुढचें तितकें तेल नव्या कसोटीचें. पेट्रोलसाठीं २०२० सालीं एस्. पी. आलें आणि २०२५ सालीं एस्. क्यू. खरे गुणपत्रक पाहावयाचें तें येथें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १९२१ सालीं रामनवमीस आमच्या मुळशी पेट्यांत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे हीं नांवें तेव्हां घरोघर झालीं. सत्याग्रह मोडला, धरण झालें, आणि १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर घाटाखालीं भिऱ्यास वीज तयार होऊन ती मुंबईस जाऊं लागली. आमची भाताची जमीन पाण्याखालीं गेली आणि वीज मुंबईस गेली. पुढें त्याच मुंबईहून आमच्याकडे तेलाचे डबे आले. ट्रॉम्बे येथें १९५४ सालीं स्टॅनव्हॅकचा व १९५५ सालीं बर्मा-शेलचा तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. स्टॅनव्हॅकचें एस्सो झालें, आणि १९७४ सालीं एस्सो व लुब इंडिया यांचें मिळून सरकारी हिंदुस्थान पेट्रोलियम झालें. बर्मा-शेल १९७६ सालीं सरकारी झालें व त्याचेंच पुढें भारत पेट्रोलियम. इंडियन ऑइलचें 'सर्व्हो' १९७२ पासूनचें. कुर्ल्यास वालचंद हिराचंदांच्या कारखान्यांत बनलेल्या फियाटी आणि आकुर्डीच्या चेतक स्कूटरी हीं त्या काळच्या मध्यम वर्गाचीं वाहनें. चेतकच्या तेलाची तऱ्हा वेगळी होती. तें पेट्रोलांतच मिसळावें लागे आणि जळून जाई. पेट्रोलच्या पंपावर मापानें तेल मोजून घेणें व मग स्कूटर दोन्ही हातांनीं हलविणें, हा विधि ज्यांनीं केला आहे ते तो विसरणार नाहींत. फियाटीच्या इंजिनांतील फटी मोठ्या आणि दिवस महागाईचे. तिला 'वीस-चाळीस' सारखें दाट तेलच योग्य होतें. त्यामुळें दाट तेलाची महती आमच्या पिढीच्या मनांत आणखी घट्ट बसली.

यापुढची हकीकत सांगणें मला थोडें जड जातें. १९९८ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, ज्याच्या आजोबांची जमीन धरणांत गेली होती व ज्याच्या वडिलांनीं डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवून दिवस काढले, त्यानें कर्ज काढून एक जुनी डिझेल जीप घेतली आणि पौडहून ताम्हिणीमार्गें कोंकणांत उतारू नेऊं-आणूं लागला. एके दिवशीं तो माझ्याकडे तेलाचा डबा घेऊन आला. रस्त्याच्या कडेच्या एका दुकानांत तो त्याला निम्म्या किंमतींत मिळाला होता. "गुरुजी, बघा बरें, चांगलें आहे का?" मीं थेंब बोटांत धरला. तार सुटली, ती चांगली वीतभर! "उत्तम आहे," मीं म्हटलें. "बिनघोर घाल."

तीन आठवड्यांनीं, श्रावणांत, कोंकणांतून वर येतांना ताम्हिणीच्या घाटांत त्याच्या गाडीचा तेलाचा लाल दिवा लागला. दिव्याच्या तारेंतच बिघाड असेल, वर सपाटीला गेल्यावर पाहूं, असें समजून त्यानें गाडी तशीच हांकली. दोन वळणांनंतर इंजिन जाम झालें. धो धो पावसांत नऊ उतारू रस्त्यावर. इंजिन खोललें तेव्हां बेअरिंगें वितळून दांड्याला चिकटलेलीं होतीं. तें तेल म्हणजे कोठल्या तरी गाड्यांतून काढलेलें जुनें काळें तेल. गाळून, उजळवून, दाट करून नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यांत भरलेलें. थंडपणीं त्याची तार सुटत होती. घाटाच्या उष्णतेंत त्याचा पापुद्रा टिकला नाहीं. इंजिनाचा खर्च आणि जुनें कर्ज मिळून फेडावयास त्याला चार वर्षें लागलीं, आणि त्या चार वर्षांत तो दुसऱ्याच्या गाडीवर चाकरीस होता. त्यानें मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मींहि स्वतःला दिला नाहीं. दोष भेसळ करणाराचा, असें म्हणून मीं माझीं दोन बोटें निर्दोष सोडलीं. डीन आणि डेव्हिस यांची हकीकत गेल्या वर्षीं वाचली, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

तर मग तेल निवडावयाचें कसें? गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक बहुतेक घरीं पिशवींतून बाहेरहि निघालेलें नसतें. त्यांत इंजिन बनविणारानें दाटपणाचा क्रमांक आणि गुणाचा वर्ग, दोन्ही छापलेलीं असतात. तो आंकडा कोणी अंदाजानें लिहीत नाहीं. फटी किती ठेवल्या, पंपाचा जोर किती, हें ज्याला ठाऊक त्यानें इंजिन तासन्‌तास चालवून तो ठरविलेला असतो. पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेली वाहन-संशोधनाची मोठी संस्था आहे. वेताळ टेकडीच्या त्या भागाला लोक तिच्याच नांवानें ए. आर. ए. आय. टेकडी म्हणतात. सकाळीं तेथें फिरावयास जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे कीं, आपल्या गाडीच्या इंजिनाची परीक्षा जवळच होत असते!

आजच्या पुष्कळशा लहान पेट्रोल गाड्यांना '० डब्ल्यू-२०' किंवा '५ डब्ल्यू-३०' लागतें. जुन्या गाडीला तें घालूं नये, तिनें आपल्या पुस्तकांतलें जाड तेलच घ्यावें. पुस्तकांत कधीं कधीं दोन-तीन क्रमांक हवामानाप्रमाणें दिलेले असतात. इंजिन जुनें होऊन तेल पिऊं लागलें असेल किंवा ओझें घेऊन घाट नेहमीं चढावयाचा असेल तर त्यांतला जाड क्रमांक घेण्यास हरकत नाहीं, पण त्या यादीच्या बाहेर जाऊं नये. डिझेल गाडीवाल्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. १ एप्रिल २०२० पासून धुराचे जे कडक नियम आले त्यांमुळें नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी जाळी असते. तेलांतील औषधांची राख या जाळींत सांचून ती बुजते, म्हणून तिच्यासाठीं कमी राखेचें तेल मुद्दाम निघालें आहे. तेथें जुनें 'डिझेलचें चांगलें तेल' घालणें म्हणजे नव्या गाडीच्या नरड्याला बोट लावणें. किंमतीविषयीं म्हणाल तर वर्ग व क्रमांक जुळत असतील तर नामांकित कंपन्यांतील कोणतेंहि चालेल. महाग तेल दुप्पट दिवस वापरण्यापेक्षां साधें तेल वेळेवर बदलणें बरें.

काढलेल्या तेलाविषयीं एक शब्द. माझे वडील तें गॅरेजमधून मागून आणीत आणि वाळवी लागूं नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फांसत. आज कायद्यानें तें घातक कचऱ्यांत मोडतें, आणि योग्यच आहे. पौडला नदीकांठीं तेल ओढ्यांत सोडून देणारे लोक मीं पाहिले आहेत. तो ओढा मुळेला मिळतो आणि मुळा पुण्यास जाते.

आतां तो डबा. पुतण्यानें वडीलकीचा मान राखून डबा विकत घेतला, पण इंजिनांत घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मला न सांगतां पुस्तकांतलें पातळ तेल घालून आला. मला हें चार महिन्यांनीं कळलें, तोंवर गाडी दोनदां ताम्हिणी उतरून वर आली होती. दाट तेलाचा डबा पडवींत तसाच पडला होता. गेल्या महिन्यांत माझा तो विद्यार्थी भेटावयास आला. आतां त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. तेल तो कंपनीच्या ठरलेल्या दुकानांतूनच घेतो, डब्याचें सील पाहतो, आणि रिकामा डबा टाकण्यापूर्वीं खिळ्यानें त्याच्या बुडाला भोंक पाडतो, म्हणजे तो कोणी पुन्हां भरूं नये. पडवींतला डबा पाहून तो हंसला. म्हणाला, "गुरुजी, हें मी नेऊं का? गांवांत अजून एक बैलगाडी आहे. तिच्या आखाला होईल."